ताई मंत्री झाल्या नाहीत तो रविवार

फलक आधी उलटा लागला. धाकट्याने जिन्याच्या कठड्यावर चढून दोऱ्या आवळल्या, घाम पुसला आणि मोठ्या अभिमानाने खाली पाहिलं, तर 'मंत्रिमहोदयांचे हार्दिक स्वागत' ही अक्षरं डोक्यावर उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

खाली ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात त्याचा थोरला भाऊ मान वाकडी करून वाचत होता. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. गावातल्या निम्म्या लोकांना ब्रेक कुठे असतो ते मास्तरांनी दाखवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना तो दाबायचा केव्हा, तेही.

"दादा, हसू नकोस. सरळ आहे का ते सांग."

"मी डोक्यावर उभा राहिलो तर अगदी सरळ आहे."

धाकटा पुन्हा कठड्यावर चढला. वय साठीकडे झुकलेलं, अंग भरलेलं, पण आज त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. बर्फाचा कारखाना त्याने सकाळपासून बंद ठेवला होता. गल्लीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या, वर दिवाणखान्यात भलामोठा केक येऊन पडला होता. नव्या मंत्रिमंडळात मास्तरांच्या बायकोचं, आमदार ताईंचं नाव नक्की, ही बातमी बुधवारी पेपरात आली, तेव्हापासून तो फोनवरून खाली उतरलाच नव्हता. वहिनी मंत्री होणार आणि वहिनींच्या एका शब्दावर नगराध्यक्षपदाची उमेदवारी त्याला मिळणार, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. इतकी वर्षं तो नगरसेवकच राहिला होता. आता त्याची पाळी होती.

"सूटसुद्धा शिवून आलाय," धाकटी मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाली. धाकट्याची बायको, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. हसू आवरायचा तिने कधी प्रयत्न केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "रोज आरशासमोर उभं राहून 'माझ्या नगरवासीयांनो' चाललंय. काल मी आतून 'बोला' म्हटलं, तर रुसून बसले."

मास्तर हसले. खरं तर आज त्यांना हसू येत नव्हतं. बायको मंत्री होणार म्हणून सगळ्या गावाने त्यांचा हात हातात घेऊन हलवला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनात एकच येत होतं, की आमदार असताना निदान शनिवार-रविवार तरी घरी यायची, मंत्री झाली की तेही गेलं. पण हे बोलायचं कुणाजवळ? तिला राजकारणात ढकललं होतं ते त्यांनीच. पहिल्या निवडणुकीला खरं तर तेच उभे राहणार होते. आयत्या वेळी पक्ष म्हणाला, या वॉर्डात बाई हवी. मास्तर म्हणाले, मग हिला उभी करा, नाव हिचं, बघीन मी. निवडून आल्यावर पहिल्याच सभेत ही उठली आणि विचारलं, रस्त्यावरचे दिवे दिवसा जळतात आणि रात्री विझतात, ते नेमकं कुणाच्या सोयीसाठी? त्या दिवसापासून मास्तरांना बघायला काही उरलं नाही. नगरसेविका, मग पाणीपुरवठा समितीची सभापती, मग आमदार. दर सोमवारी पहाटेची गाडी धरून राजधानीला जायचं, शुक्रवारी रात्री परत यायचं, असं एक दशक उलटून गेलं होतं. आठवडाभर मास्तर टीव्हीचा आवाज मोठा ठेवत. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

"आली! आली!" मास्तरांची मुलगी गॅलरीतून ओरडली.

सगळ्यांना वाटलं होतं लाल दिव्याची नाही तरी निदान एखादी मोठी गाडी येईल. ताई कोपऱ्यावरून चालत येत होत्या. खांद्याला नेहमीची पिशवी, चपला चिखलाने भरलेल्या.

"स्टँडवर उतरून बाजारातल्या नाल्यावरून आले," त्या म्हणाल्या. "पुन्हा तुंबलाय." मग त्यांनी वर पाहिलं, फलक सावकाश वाचला आणि विचारलं, "कोण येणार आहे?"

धाकटा खदखदून हसला. वहिनींचा विनोद त्याला फार आवडला.

वर गेल्यावर ताईंनी पाय धुतले, उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या. केककडे बघून म्हणाल्या, "हा आपण खाऊच. पण मी मंत्री झालेले नाही."

"म्हणजे? नाव कापलं?" धाकट्याचा चेहरा लाल झाला. "कुणी कापलं? मला नाव सांगा, वहिनी!"

"मीच. परवा नाही म्हणून सांगून आले."

धाकटीने केक कापायला हातात घेतलेली सुरी खाली ठेवली.

"आई," मुलगी सावकाश म्हणाली, "लोक त्यासाठी एकमेकांचे पाय ओढतात."

"मग त्यातलं कुणीतरी होईल. मला तिथे बसून कंटाळा आलाय गं. आपल्या गावाची ती दुसरी पाण्याची टाकी. किती वर्षं मी त्या सभागृहात तिच्यासाठी घसा कोरडा केला! मंजूर झाली, बांधून झाली, आणि आता? टेकडीवर नुसती उभी आहे. खाली जलवाहिनी टाकायची ती नगरपालिकेने, आणि नगरपालिका ढिम्म हलत नाही. मी तिकडून भांडून आणायचं आणि इकडे त्यावर कबुतरांनी बसायचं. मंत्री होऊन मी अजून चार गोष्टी आणीन. अजून चार ठिकाणी कबुतरं बसतील." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी परत येतेय. नगराध्यक्षपदाला उभी राहणार."

मास्तरांच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. त्यांनी चटकन मान खाली घातली. चेहऱ्यावर काय उमटलंय ते कुणाला दिसू नये म्हणून ते चपलेचा अंगठा नीट करू लागले. परत येतेय! रोज, सोमवारी, मंगळवारी, बुधवारीसुद्धा. आणि हे सुख अंगभर पसरतंय न पसरतंय तोच त्यांची नजर भावाकडे गेली. धाकटा हातात दोरीचा तुकडा घेऊन उभा होता, आणि त्याचा चेहरा एखाद्या लहान मुलाच्या हातातून फुगा सुटावा तसा झाला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "ती जागा माझी आहे."

"तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, भावोजी."

"म्हणायला कशाला हवं? घरातल्या माणसांना कळायला नको? सगळ्या गावाला माहीत आहे!"

"सगळ्या गावाला सूट माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस!"

"का म्हणून? जाऊबाई उभ्या राहिल्या तर माझं मत त्यांना. आत्ताच सांगून ठेवते. घरात नळाला पाणी नाही आणि तुम्ही तुमचं नाव कुठल्या कोनशिलेवर येतंय ते बघता."

धाकट्याने आधारासाठी आजूबाजूला पाहिलं. आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. पुतणी उठून काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी काकांच्या बाजूने," ती म्हणाली. "आई, तू माझा विचार केलास? नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने मी तपासते. उद्या तू नगराध्यक्ष. पाणी चांगलं निघालं तर लोक म्हणतील, आईसाठी चांगलं काढलं. वाईट निघालं तर म्हणतील, आईच्या नाकावर टिच्चून वाईट काढलं. मी पाण्यात बघायचं की तुझ्या तोंडाकडे?"

हा प्रश्न ताईंच्या खरोखर डोक्यात आला नव्हता, हे मास्तरांना दिसलं. सभागृहात मंत्र्यांना निरुत्तर करणारी बाई स्वतःच्या लेकीपुढे पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"बघा!" धाकट्याला जोर चढला. "पोरीला कळतं ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही उभ्या राहणार असाल तर खुशाल राहा. मी अपक्ष राहीन. होऊन जाऊ दे घरातल्या घरात!" आणि तो जिना धडधडवत गच्चीवर निघून गेला.

"जाऊ द्या, उतरतील," धाकटी म्हणाली, पण तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. गेल्या कैक निवडणुकांत या घराचं एकही मत बाहेर गेलं नव्हतं.

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर उठले आणि जिना चढू लागले.

गच्चीवर धाकटा पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला होता. मास्तर शेजारी बसले. खाली गल्लीत लोक हळूहळू खुर्च्या भरत होते. कुणीतरी बातमी विचारत होतं, कुणीतरी चहा विचारत होतं.

"तू काही बोलणार नाहीस ना?" धाकटा म्हणाला. "नेहमीसारखा. सांग तरी एकदा, तू बायकोचा की भावाचा?"

"मला आनंद झालाय रे," मास्तर म्हणाले.

"काय?"

"ती परत येतेय म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की मी चपलेकडे बघत बसलो. तू समोर उभा होतास, तुझं तोंड उतरलेलं, आणि मला आतून नाचावंसं वाटत होतं. लाज वाटते, पण आहे हे असं आहे."

धाकटा भावाकडे बघत राहिला. लहानपणापासून या माणसाने स्वतःला काय हवंय ते कधी सांगितलेलं त्याला आठवेना. त्याचा राग जरा अडखळला.

"इतकं होतं तर तिला कधी बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर ती आली असती. आणि मग उगाच आली असती."

"मी काय करू मग?" धाकटा म्हणाला. आता आवाजात धार नव्हती. "मरेपर्यंत बर्फ विकू?"

"मला एक सांग. नगराध्यक्ष झालास की करायचं काय?"

धाकटा सावरून बसला. हा प्रश्न त्याला पाठ होता. मैदानांच्या आरक्षणाचा कायदा कसा पोकळ आहे, छोट्या गावांना राज्य कसं सावत्र वागवतं, कलमांमधल्या कुठल्या शब्दामुळे बिल्डर कसे सुटतात, तो एकेक गोष्ट सांगत सुटला. मास्तर ऐकत राहिले. धाकटा बोलू लागला की नगरपालिकेत सगळे घड्याळ बघत, 'बसा आता' म्हणत, हे खरं. पण याच माणसाने एकदा गावातलं मैदान वाचवलं होतं. ते विकायचा ठराव आला तेव्हा तो नियमांचं पुस्तक घेऊन उभा राहिला आणि अध्यक्षांना भूक लागून सभा तहकूब करावी लागेपर्यंत खाली बसला नाही. तो बोलत होता ते शब्दन्‌शब्द नियमाला धरून होतं. आजही त्या मैदानात पोरं खेळत होती.

"हे सगळं ठीक," मास्तर मध्येच म्हणाले. "पण पहाटे पाणी आलं नाही की बायका बादल्या घेऊन दारात येतील. उठशील?"

"पहाटे?" धाकटा दचकला. "पहाटे म्हणजे किती पहाटे?"

"अंधार असतो तेव्हा. मग नाल्यात उतरायचं. मग सफाई कामगारांशी बोलायचं. त्यांना कलमं नको असतात, हातमोजे हवे असतात."

धाकटा खरोखर विचार करत होता.

"तू आत्ता मला जे सांगितलंस, त्यातलं नगराध्यक्षाच्या हातात काय आहे रे?" मास्तरांनी विचारलं. "सगळे कायदे. ते बदलतात कुठे? तुझी वहिनी तिकडे बोलायला उठते आणि दोन वाक्यांत संपवून बसते. तिचा जीव इकडे नाल्यात. आणि तू नाल्याच्या कडेला उभा राहून कलमं वाचतोस. मी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, मला एवढं कळतं. तुम्ही दोघं चुकीच्या सीटवर बसलायत."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे... आमदारकी?"

"तिची जागा रिकामी होणारच की."

"पण मला कोण देणार? मी बोलायला लागलो की लोक उठून जातात."

"तिथे उठून जाता येत नाही. पक्षच नाव पुकारून माणसं बसवून ठेवतो."

धाकट्याच्या पोटातून हसू निघालं. आधी त्याने ते दाबलं, मग त्याला ते आवरेना, आणि दोघे भाऊ टाकीला पाठ लावून असे हसले की खालून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, वर काय चाललंय?"

ते खाली आले तेव्हा दिवाणखान्यातही तह झालेला दिसला. ताईंनी मुलीला कबूल केलं होतं, की निवडून आल्या तर गावच्या पाण्याचे नमुने पहिल्या दिवसापासून शेजारच्या गावच्या प्रयोगशाळेत जातील आणि तिथलं पाणी हिच्याकडे येईल. मुलीने वर अट घातली होती की ती प्रचाराला येणार नाही. "तुझा फोटोसुद्धा घरात लावू देणार नाही," ती म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

धाकट्याने दारातच उभं राहून नवी गोष्ट जाहीर केली. ताई आधी चकित झाल्या. मग त्यांनी दिराकडे असं पाहिलं, जणू त्याला पहिल्यांदाच नीट पाहत होत्या.

"त्या मैदानाच्या वेळी मी घरी येऊन म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "हा माणूस सभागृहात असता तर माझं अर्धं काम कमी झालं असतं. विचारा यांना. पण तिकडे अभ्यास लागतो, भावोजी. रोजचा."

"मला दुसरं येतंच काय, वहिनी?"

"सोमवार ते शुक्रवार तिकडे?" धाकटीने मध्येच विचारलं. तिचा चेहरा उजळत चालला होता. "दर आठवड्याला? जाऊबाई, अहो, हे आधी का नाही सुचलं कुणाला!"

"अगं, तुला माझी आठवण नाही येणार?" धाकटा दुखावून म्हणाला.

"येईल ना. शुक्रवारी."

तेवढ्यात पक्षाचे निरीक्षक आले. नगराध्यक्षपदासाठी इच्छुकांची नावं ऐकायला ते उद्या येणार होते, पण ताईंचा नकार त्यांच्या कानावर गेला होता आणि ते चिडून आजच निघाले होते. जिना चढून ते धापा टाकत खुर्चीत बसले, केककडे पाहिलं, खिडकीतून फलकाकडे पाहिलं.

"हे काय चाललंय? मंत्रिपद नाकारलं आणि वर स्वागत?"

"साहेब, मी सांगतो," म्हणत धाकटा उभा राहिला.

त्याने वहिनींचं नाव नगराध्यक्षपदासाठी सुचवलं. एका वाक्यात काम होतं, पण त्याने दिव्यांपासून सुरुवात केली. दिवसा जळणारे दिवे, समिती, टाकी, कबुतरं. बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. वहिनींनी कधी त्याला दारात उभं करून परत पाठवलं नाही, गावातल्या कुणालाच नाही, हे सांगताना तो क्षणभर थांबलासुद्धा, आणि तो मध्येच थांबलेला घरात पहिल्यांदाच कुणी पाहिला. निरीक्षकांनी दोनदा घड्याळाकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. मग धाकट्याने स्वतःचं नाव आमदारकीसाठी सांगितलं, ते मात्र भरभर, चोरट्यासारखं.

"तुम्हाला वाटतं सगळं तुमच्या घरात ठरतं?" निरीक्षक अखेर म्हणाले. पण त्यांच्या बोलण्यातली चीड पातळ झाली होती. "वर विचारावं लागेल. आणि मुख्य म्हणजे, लोक मतं देतील का?"

"ते खाली बसलेत," ताई म्हणाल्या. "त्यांनाच विचारू."

त्या जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. गल्ली भरली होती. मास्तर हळूच खाली जाऊन मागच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर बसले. ताईंनी मंत्रिपदाचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, उभी राहणार तेही सांगितलं. नेहमीप्रमाणे थोडक्यात. लोक एकमेकांकडे बघू लागले. मंत्री बघायला आलेल्या माणसांना काय करावं ते चटकन कळेना.

पुढच्या रांगेतली कपड्यांना इस्त्री करणारी बाई उठली. "म्हणजे ताई, आता तुम्ही इथेच?"

"इथेच. तुम्ही निवडून दिलंत तर."

"आणि नाही दिलं तर?"

ताईंनी डोळ्यांवर हात धरून गर्दीत कुणालातरी शोधलं. मागच्या रांगेपर्यंत त्यांची नजर गेली आणि तिथे थांबली.

"तरी इथेच," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इस्त्रीवाली बाई टाळ्या वाजवत होती, निरीक्षक वाजवत होते, गॅलरीतून धाकटी आणि मुलगी वाजवत होत्या, धाकटा दोन्ही हात वर करून वाजवत होता. मग हळूहळू टाळ्या ओसरल्या आणि लोक चहाकडे वळले.

मागच्या रांगेतून मात्र एकाच माणसाच्या टाळ्या अजून येत होत्या. एकेक जण मान वळवून बघू लागला. मास्तर कधी उभे राहिले होते ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आजूबाजूला शांत झालंय हेही कळलं नव्हतं. डोळे भरून आले होते आणि ते आपले वाजवतच होते.

जिन्यावर ताईंनी तोंडावर पदर धरला. मग तो सोडून दिला आणि सगळ्या गल्लीदेखत मोठ्याने हसल्या.